माझी डावी अर्धी कुणाची?

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे, असं बेधडक म्हणायची माझी सोय नाही. मी एका जुन्या नोटेची उजवी अर्धी आहे. डावी अर्धी माझ्या शेजारीच आहे. पाठीमागून कागदाची पट्टी लावून गव्हाच्या खळीनं आम्हाला चिकटवलेलं आहे, आणि बघणारा दोघींना मिळून एकच नोट समजतो. मी मात्र कितीतरी वर्षं तसं समजले नाही. मला तिचा संशय होता.

संशयी स्वभाव वाईट, असं तुमचे गुरुजी सांगत असतील. पण माझा जन्म कशात गेला ते तरी बघा. ज्यानं ज्यानं मला हातात घेतलं, त्यानं आधी उजेडाला धरलं. कुणी नखानं खरवडलं, कुणी कानाशी नेऊन फडफडवलं, एका किराणावाल्यानं तर जिभेला लावून पाहिलं. माणसाशी असं कुणी वागलं तर तो भांडायला उठेल. मी कुठं उठणार? मग मीही सगळ्यांकडे तशाच नजरेनं पाहायला शिकले. आत्ताही तुम्ही मनात म्हणत असाल, नोट कधी बोलते का. म्हणा. मला सवय आहे.

माझा कागद विलायतेत तयार झाला, जुन्या कापडाच्या चिंध्या कुजवून आणि कुटून. त्याच्या पोटात एक खूण आहे, ती फक्त उजेडाला धरल्यावर दिसते. तोंडावर हिरवी वेलबुट्टी, काळी इंग्रजी अक्षरं, शिवाय आपल्याकडच्या लिप्यांत लिहिलेले वीस रुपये. पाठ मात्र साफ कोरी. त्या काळी सरकारी नोट एकाच बाजूनं छापायचे. माझा नंबर दोनदा छापलेला होता, एकदा डावीकडे वर आणि एकदा उजवीकडे खाली. तो दोनदा काहून छापतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. साहेबाची सही उजवीकडे, म्हणजे माझ्या अंगावर. हे मी मुद्दाम सांगते आहे.

जहाजातून मी मुंबईला आले आणि मुंबई कचेरीच्या शिक्क्याची नोट झाले. काही हातांतून फिरून शेवटी दिवाकर नावाच्या एका पोरसवदा कारकुनाच्या हातात पडले. त्याचा तो पहिला पूर्ण पगार. त्यानं मला उजेडाला धरलं नाही. नुसताच हसला. मला त्याचाही संशयच आला, की हा इतका खूश काहून?

कारण लवकरच कळलं. दिवाकरची आई लहानपणीच गेली होती. थोरली बहीण अंजनी लग्न होऊन जबलपूरला गेली होती, तिनं त्याला आपल्या सासरी ठेवून घेतलं आणि मॅट्रिकपर्यंत शिकवलं. दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात तो सासूबाईंच्या पंगतीला जेवला आणि त्यांची बोलणीही त्यानं खाल्ली. आता भाऊबीज आली होती. बहिणीला ओवाळणी म्हणून तो मला, आख्ख्या वीस रुपयांना, पोस्टानं पाठवणार होता.

त्या काळी नोट पोस्टानं पाठवायची एक रीत होती. वाटेत चोरी होऊ नये म्हणून नोट मधोमध कापायची. आधी एक अर्धी पाठवायची. ती पोचल्याचं उत्तर आलं की मग दुसरी. दोन्ही अर्ध्यांवरचा नंबर एकच असला की जोडलेली नोट सरकार आख्खी धरायचं. नंबर दोनदा छापायचं कारण मला कळलं ते असं, कात्रीच्या पात्यात. दिवाकरनं सुरेख सरळ रेघ धरून कापलं, पण कापलं ते कापलंच. मी उजवी. मी आधी निघाले. डावी त्याच्या पेटीत राहिली.

जबलपूरच्या घरात माझं स्वागत कसं झालं म्हणता? सासूबाईंनी मला चिमटीत धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस आमच्या घरचं जेवला, आणि पाठवलं काय, तर कागदाचं अर्धं ठिगळ." अंजनीनं मला त्यांच्या हातून घेतलं आणि पदरानं पुसलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून पोचल्याचं पत्र तिच्या नवऱ्यानं लिहिलं. त्यांचं नाव बापूसाहेब. जंगलखात्यात कारकून होते, महिन्यातले बरेच दिवस कुंडमच्या रानात दौऱ्यावर असायचे. त्यांनी पत्र त्याच दिवशी टपालपेटीत टाकलं. मी देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली, डावीची वाट पाहत पडून राहिले.

त्या वर्षी मुंबईत प्लेग आला होता. पत्राचं उत्तर आलं नाही. आली ती दिवाकर गेल्याची बातमी. त्याची खोली सरकारी माणसांनी धुतली आणि आतलं सगळं सामान जाळलं, असंही कळवणाऱ्यानं लिहिलं होतं.

अंजनी रडली ते मी पाहिलं. पण त्याहून वाईट मला वाटलं ते सासूबाईंचं. त्या वाईट बाई होत्या असं मी म्हणणार नाही, पण त्यांची जीभ वळवळायची. शेजारणी भेटायला आल्या की त्या म्हणायच्या, "काय करता. भावाची ओवाळणीसुद्धा अर्धीच." दुसरी अर्धी पाठवायचं त्याच्या मनात होतं की नव्हतं कुणास ठाऊक, असंही एकदा बोलून गेल्या. त्या दिवसापासून अंजनी ताटावर बसायची आणि तशीच उठायची.

आणि मग एका दुपारी बापूसाहेब घरात आले आणि म्हणाले, "अगं, आली बरं का दुसरी अर्धी. पोस्टात अडकली होती."

अंजनीनं ती दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "पाकीट कुठंय?" बापूसाहेब म्हणाले, पाकीट ओलं झालं होतं, फाटलं, तिथंच टाकलं. सासूबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण त्यांचं तोंड बंद झालं ते झालंच. अंजनी त्या रात्री पोटभर जेवली.

खळ करून बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं आम्हाला जोडलं. आणि डावी माझ्या कडेला टेकली त्या क्षणी मला वाटलं, ही कोण? ही माझ्याच अंगाचा तुकडा असती, तर मला कळलं नसतं? तिच्या हिरव्या रंगाची छटा जराशी निराळी होती. मधलं एक अक्षर जोडावर आलं होतं, ते पोटात फुगल्यासारखं दिसत होतं, कारण डावी एका दोऱ्याइतकी जास्त रुंद होती. मुंबईच्या पेटीतून आलेली म्हणायची, तर तिला वास येत होता लाखेचा आणि विडीचा, म्हणजे बापूसाहेबांच्या खिशाचा. मी तिला विचारलं. ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं माझ्या डोक्यात राहिलं.

नोट मोडायची नाही, असं अंजनीनं ठरवून टाकलं. पुढच्या दिवाळीत भाऊबीज आली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात, हे तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंनी तिला तेच सांगितलं. अंजनी म्हणाली, "काहून? माझ्या भावानं दिलेली वस्तू आहे ना घरात." तिनं पाट मांडला, पाटावर आम्हाला ठेवलं आणि निरांजन लावलं. कुंकवाचं बोट उचललं आणि थांबली. नोटेला कुंकू लावायचं कुठं?

बापूसाहेब दारात उभे होते. ते पटकन पुढं आले आणि डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "इथं लाव. नोटेचं कपाळ इथं असतं."

तेव्हापासून दर भाऊबीजेला कुंकू लागायचं ते डावीला, त्याच जागी, थरावर थर. आणि मी, जी खरंच दिवाकरच्या हातून निघाले होते, जिच्या अंगावर साहेबाची सही होती, ती कोरडीच. मला राग यायचा, मित्रांनो. उगाच मोठेपणा कशाला दाखवू? मी डावीशी बोलणं टाकलं. एकाच पट्टीवर चिकटून, एकाच निरांजनाच्या उजेडात, मी तिच्याकडे पाठ करून जगले. अर्थात पाठ दोघींची एकाच बाजूला होती, पण मनानं केली.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मुलं नोकरीला नागपूरकडे गेली, बापूसाहेब पेन्शनीत निघाले. विसाच्या नोटा सरकारनं छापायच्याच बंद केल्या. आमच्या जागी राजाचं तोंड छापलेल्या नव्या नोटा आल्या, दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या. मी करंड्याखालून त्यांच्याकडे संशयानं पाहत असे. इतका रंग लावायची वेळ काहून आली असेल?

मग जबलपूरला लागूनच त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते वर्ष आलं. शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची पुष्पा एका सकाळी सांगत आली, "काकू, ऐकलं का? कलकत्त्याचे एक बाबू आले आहेत. भेडाघाट पाहून राहिले आणि जुन्या नोटा घेऊन राहिले. सराफ्यातला श्यामसुंदर त्यांच्यासाठी घरोघर विचारून राहिला. विसाची असेल तर मागाल ती किंमत, म्हणतो."

अंजनीबाईंचे केस आता पांढरे झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्या म्हणाल्या, "बोलाव त्याला."

बापूसाहेब वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "कशाला? विकायची आहे का आपल्याला?"

"विकायची नाही. पण किंमत तर कळू दे. सासूबाई तेव्हा चारचौघींत माझ्या भावाची ओवाळणी अर्धी म्हणाल्या, ते मनातून गेलं नाही. आता डोळे आहेत तोवर एकदा कुणी जाणत्यानं म्हणावं, ही ओवाळणी पूर्ण होती, आणि अशी-तशी नव्हती."

"आई जाऊन किती वर्षं झाली."

"जाऊ दे ना. मी तर आहे."

"हे सराफ्यातले लोक नोट बदलून टाकतात," बापूसाहेब म्हणाले.

"मग मी हातातून सोडणारच नाही."

बापूसाहेब मग म्हणाले की उन्ह फार आहे, मग म्हणाले की शुक्रवार आहे. अंजनीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "काहून नको म्हणून राहिले तुम्ही?" त्यांनी विचारलं. बापूसाहेबांनी वर्तमानपत्र उचलून तोंडापुढं धरलं. मी करंड्याखालून पाहत होते. वर्तमानपत्राचं पान काही उलटत नव्हतं.

श्यामसुंदर आला. पांढरी टोपी, पानानं लाल झालेले ओठ, खिशात भिंग. बसला आणि हात पुढं केला. अंजनीबाईंनी नोटेचा एक कोपरा आपल्या बोटांत धरून ठेवला आणि उरलेली नोट तेवढी त्याला दिली. तो हसला. "माताजी, मैं खा नहीं जाऊँगा."

"आप देखिए. मैं पकड़ती हूँ," अंजनीबाई म्हणाल्या.

किंमत करणारा माणूस नोटेकडे कसा पाहतो ते ऐका. पैसे मोजणारा फक्त आकडा बघतो. हा आकडा सोडून बाकी सगळं बघतो. आधी त्यानं आम्हाला खिडकीसमोर धरून पोटातली खूण पाहिली. मग कुठल्या कचेरीची ते पाहिलं, आणि मुंबई वाचून मान डोलावली. मग भिंग लावून माझ्या अंगावरची सही वाचली. इथं मी जरा ताठ झाले. मग टाचणीची भोकं शोधली, कारण नोटांची चवड पूर्वी टाचणीनं टोचून ठेवायचे आणि प्रत्येक भोकामागं किंमत उतरते. भोक एकही नव्हतं. घड्या पाहिल्या, कडा पाहिल्या, पाठीमागची पट्टी बोटानं चाचपली.

"असली है," तो म्हणाला. "काग़ज़ असली, छपाई असली. कटी हुई नोट है, उससे दाम थोड़ा गिरता है, पर दोनों टुकड़ों का नंबर एक हो तो बाबू सव्वा सौ देंगे. ये दाहिना नंबर तो साफ़ है. बायाँ नहीं दिखता. इस पर ये लाल क्या पोता है?"

"पोता नहीं. कुंकू है. भाऊबीज का," अंजनीबाई म्हणाल्या.

श्यामसुंदरनं भिंग खाली ठेवलं. त्याचा आवाज बदलला. "माताजी, तीस साल से नोट देख रहा हूँ. दाग़ नोट पर कहीं भी पड़ सकता है. ठीक नंबर के ऊपर ही पड़े, तो आदमी को शक होता है."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं. मला आनंद झाला पाहिजे होता. पण मी अंजनीबाईंच्या बोटांत होते, आणि त्या बोटांनी मला आणखी घट्ट धरलं.

"नंबर दिसल्याशिवाय किंमत नाही?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं. नंबर अलग निकले तो दो नोटों का जोड़ है. न बाबू लेंगे, न सरकार लेगी."

बापूसाहेब उठून उभे राहिले. "चलो, झालं. राहू दे. धुवायला जाल तर नोटेचा लगदा होईल. श्यामसुंदरजी, पान घ्या आणि या."

"धुवायचं कशाला?" अंजनीबाई म्हणाल्या. "कपड्यावर कोरडं कुंकू सांडलं तर आम्ही पाणी लावत नाही. घट्ट कणकेची गोळी फिरवतो. पुष्पा, परातीतून चिमूटभर कणीक आण गं."

पुष्पानं आणली. अंजनीबाईंनी ती बोटांनी मळली, आम्हाला पाटावर ठेवलं आणि डावीच्या कोपऱ्यावर हलक्या हातानं फिरवायला सुरुवात केली. कुणाला हात लावू दिला नाही. कुंकवाचे थर कणकेला लागून निघत गेले, गोळी लाल झाली. एकेक दिवाळी निघाली म्हणा ना. खाली कागद गुलाबी राहिला, आणि त्या गुलाबीतून काळे आकडे वर आले. त्यांना ते वाचता येत नव्हते. त्यांनी कोपरा श्यामसुंदरकडे वळवला.

माझ्या अंगावरचा नंबर सत्तेचाळीसवर संपतो. श्यामसुंदरनं भिंगातून वाचलं. डावीचा संपत होता एकोणीसवर.

"अलग है," तो म्हणाला. "दो नोटें हैं, माताजी. रद्दी."

मित्रांनो, माझा संशय खरा ठरला. इतकी वर्षं मी बरोबर होते. पण सांगू का, त्या खोलीत कुणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे अंजनीबाईंकडे पाहत होते.

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे दिवाकरनं मला दुसऱ्याच नोटेची अर्धी पाठवली? मला फसवलं त्यानं?"

पुष्पानं ती लाल गोळी उचलून पदराआड केली.

"सासूबाई म्हणायच्या ते खरं होतं तर. आणि मी इतकी वर्षं..." त्यांनी पहिल्यांदाच नोटेवरून हात काढला. आम्ही पाटावर तशाच पडून राहिलो.

बापूसाहेब आतल्या खोलीत गेले. पेटीचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चष्म्याचं जुनं घर होतं. त्यातून त्यांनी घडी केलेला एक कागद काढून पाटावर ठेवला. ती एका विसाच्या नोटेची उजवी अर्धी होती. हिरवा रंग अगदी डावीसारखा. श्यामसुंदरनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "उन्नीस."

"दिवाकरनं फसवलं नाही," बापूसाहेब म्हणाले. "त्याची अर्धी त्याच्या सामानाबरोबर जळली. ती कधी आलीच नाही. तू जेवत नव्हतीस. आई बोलून राहिली होती. मी दुसरी नोट आणली आणि कापली."

"कुठून आणली?"

"आपल्याकडे मुंबईची नोट मिळते कुठं? परक्या कचेरीची नोट मोडताना दुकानदार बट्टा कापतात, वीसचे पुरे वीस देत नाहीत, म्हणून कुणी ठेवतच नाही. मग स्टेशनवर जायचो. मुंबईची गाडी आली की उतारूंना विचारायचो, विसाची आहे का, विसाची आहे का. लोक मला ठगच समजायचे. एका पारशी गृहस्थाजवळ निघाली. त्यानं चांदीचे वीस कलदार रुपये वाजवून घेतले तेव्हा दिली."

"आणि ते कपाळ?"

बापूसाहेब खाली पाहू लागले. "तो नंबर झाकायला हवा होता. कुणी वाचू शकणारं घरात आलं असतं तर?"

अंजनीबाई रागावल्या. मला वाटलं होतं त्या विरघळतील, पण नाही, चांगल्या रागावल्या. "इतकी वर्षं मला सांगितलं नाही. सासूबाई बोलत होत्या तेव्हा तुम्ही एक शब्द काढला नाही त्यांच्यासमोर."

"शब्द निघाला नाही," बापूसाहेब म्हणाले. "म्हणून नोट आणली."

श्यामसुंदर धंद्याचा माणूस. त्याच्या डोक्यात हिशेब चालू होता. त्यानं घसा खाकरला. "माताजी, एक रास्ता है. ये बायाँ और ये नया टुकड़ा, ये दोनों एक ही नोट हैं. पीछे की पट्टी मैं भाप से छुड़ा देता हूँ. इन दोनों को जोड़ दो, तो पूरी नोट बन गई. कुंकू का दाग़ है, फिर भी सौ तो दिला दूँगा. और ये सैंतालीस वाला टुकड़ा आप रख लो, भाई की याद."

मित्रांनो, माझी भीतीनं गाळण उडाली. इतकी वर्षं मी म्हणत होते ही माझी नव्हे, हिला माझ्यापासून सोडवा. आता खरंच कुणी सोडवायला आला होता, भाव सांगून. आणि मला आठवलं की पावसाळ्यात माझी कड ओली व्हायची तेव्हा त्या पट्टीवर मला धरून ठेवणारी हीच होती. तिची सख्खी अर्धी समोर पडलेली होती. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

अंजनीबाईंनी पाटावरून आम्हाला उचललं. डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. अंगठ्यानं जोड चाचपला, जिथं ते फुगलेलं अक्षर आहे. मग म्हणाल्या, "भैया, यह जोड़ मत छुड़ाओ."

"माताजी, ऐसे तो इसकी क़ीमत एक पैसा नहीं."

"ठीक है ना. मालूम हो गई क़ीमत." मग नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सासूबाई बरोबर बोलल्या. ओवाळणी अर्धीच आली होती. अर्धी तुम्ही घातली."

श्यामसुंदरनं भिंग खिशात घातलं, पान घेतलं आणि गेला. जाताना दारात थांबून त्यानं एकदा मागं वळून आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, म्हणून मला ती ओळखू आली नाही.

त्या साली दिवाळीत पाडव्याला अंजनीबाईंनी बापूसाहेबांना ओवाळलं, दरवर्षीसारखं. मग आम्हाला पाटावर ठेवलं आणि कुंकवाचं बोट डावीच्या त्याच कोपऱ्याला लावलं. बापूसाहेब म्हणाले, "अगं, भाऊबीज उद्या आहे." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. ही तुमची आहे, हिला आजच ओवाळायचं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट मांडला. निरांजन लावलं. अंजनीबाईंना आता फारसं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी आधी बोटांनी जोड शोधला आणि तिथून उजवीकडे, खाली, माझ्या नंबरापर्यंत आल्या. आणि मला कुंकू लावलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कुंकू, मित्रांनो. कागदाला रडता येत नाही, आलं असतं तर शाई फुटली असती. "दिवाकरा," त्या म्हणाल्या, "उशीर झाला रे."

आता आम्ही दोघी पुन्हा करंड्याखाली असतो. आम्ही बोलतो. ती फार बोलकी नाही, पण तिला स्टेशनवरच्या गोष्टी येतात. तिसरी अर्धी चष्म्याच्या घरात परत गेली. खरं सांगायचं तर तिचा मला अजून थोडा संशय आहे, कधी डावीला मागायला येईल म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी नोट निघाली तर तिला धुऊ नका, इस्त्री करू नका, तिला टाचणी टोचू नका. जाणत्याला जरूर दाखवा. तो उजेडाला धरील, संशय घेईल. घेऊ द्या, ते त्याचं काम आहे. पण तिच्या दोन अर्ध्या निरनिराळ्या निघाल्या, तर लगेच सोडवायला बसू नका. दुसरी अर्धी कुणी आणून लावली, ते आधी घरात विचारा.